ऑटोमॅटिक गाडी, पंधरा गीझर आणि एक काळी रेघ

रविवारी कारखाना बंद असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं टॉवेलचं शेड, लूम सगळे गप्प, मागच्या आवारात वॉचमन काका खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले आणि मी गाडीत. डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, गिअर डी मध्ये. बर्नआउट करायचा होता, म्हणजे गाडी जागेवर धरून चाकं नुसती फिरवायची. डोक्यात पूर्ण पिक्चर तयार होता, पांढरा धूर निघणार, टायर किंचाळणार, भाचा मोबाईलवर शूट करणार, संध्याकाळी स्टेटस. झालं काय तर इंजिन दोन हजारपर्यंत गेलं, गाडी जरा थरथरली आणि तीन सेकंदात आवाजच खाली आला. माझा पाय पार खाली टेकलेला आणि काटा आठशेवर. गाडी बंद पडली नाही, दिवा लागला नाही, काही नाही. नुसतं माझं ऐकायचं बंद केलं, आमची आज्जी करते ना नको तो विषय निघाला की, अगदी तसं.

भाचा मोबाईल धरून तसाच उभा. "मामा, झालं का?"

या गोष्टीला दीड वर्ष झालं. तेव्हापासून जे काही शिकलो, थोडं वाचून आणि बरंचसं नुकसान करून, ते एकदा लिहून टाकतो.

आधी गाडीचं सांगतो. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबणं बंद, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. एक लिटरचं तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, पुढच्या चाकांना पॉवर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं जे झालं त्यात कंपनीची काही चूक नाही, सगळी माझीच आहे. गाडी आठवड्याचे सहा दिवस अप्पांची, सातव्या दिवशी माझी, आणि हा सातवा दिवसच वाईट.

तर गाडी गप्प का बसली? अप्पांकडं पूर्वी मारुती एट हंड्रेड होती, तिला पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत सरळ केबल, पाय दाबला की तिकडं झडप उघडली, विषय संपला. आता तसं राहिलं नाही. आता पेडल दाबणं म्हणजे अर्ज करणं. मी दाबलं की ईसीयूकडं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडं, अर्ज जातो की साहेब, मला १७५ न्यूटन मीटर पाहिजे. मग तो अर्ज टेबलाटेबलावर फिरतो. गिअरबॉक्सवाला म्हणतो पहिल्या गिअरमध्ये मी एवढंच घेईन, ट्रॅक्शनवाला म्हणतो चाक घसरतंय, कमी करा, तापमानवाला म्हणतो आज ऊन आहे, उद्या या. आणि जो सगळ्यात कमी आकडा लिहील तो मंजूर. जिल्हा परिषदेत एखादं काम अडकलेलं ज्याला माहितीय त्याला ईसीयू वेगळा समजावून सांगायला लागत नाही.

यातलं एक टेबल म्हणजे ब्रेक ओव्हरराइड. दोन्ही पेडल एकदम दाबली की ब्रेकचा शब्द चालतो, थ्रॉटल, म्हणजे इंजिनच्या हवेची झडप, बंद. अमेरिकेत २००९-१० मध्ये गाड्या आपोआप पळतात म्हणून मोठा गदारोळ झाला, लाखो गाड्या परत बोलवायला लागल्या, त्यानंतर हे जवळजवळ सगळीकडं यायला लागलं. मॅट अडकून पेडल खाली राहिलं तरी माणूस ब्रेक मारून वाचला पाहिजे एवढाच त्यामागचा विचार. माझा बर्नआउट त्याला मॅट अडकल्यासारखा वाटला. त्याचं काय चुकलं?

आणि खरी गंमत म्हणजे पुढच्या चाकांच्या गाडीत ब्रेक पेडल दाबून बर्नआउट करायला जाणं हाच मुळात येडेपणा. ब्रेकचा बहुतेक जोर पुढच्या चाकांवर आणि फिरवायची पण तीच चाकं. व्हिडिओत जे बघतो ना आपण, ती मागच्या चाकांची गाडी असते, तिथं लाइन लॉक नावाचा एक व्हॉल्व्ह बसवतात, तो पुढचे ब्रेक धरून ठेवतो आणि मागची चाकं मोकळी राहतात. आपल्या गाडीला त्याचं उत्तर म्हणजे हँडब्रेक, तो मागची चाकं धरतो. सुदैवानं माझी गाडी लिव्हरच्या हँडब्रेकची आहे, बटणवाली असती तर पेडल दाबल्याबरोबर त्यानं ब्रेक आपोआप सोडला असता आणि मी थेट शेडच्या भिंतीत.

पण त्या रविवारी मला यातलं शष्प माहिती नव्हतं. मला वाटलं पॉवर कमी पडतीय. म्हणून मी ऑनलाइन नऊ हजाराचा एक डबा मागवला.

हा डबा काय करतो ते नीट सांगतो, कारण ऑटोमॅटिकवाल्यांनी एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी बास. टर्बो किती दाबानं हवा भरतो ते मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरची पिन काढायची, मध्ये हा डबा लावायचा. टर्बोनं समजा हवा भरपूर भरली तर डबा ईसीयूला सांगतो, नाही हो, अजून कमीच आहे. ईसीयू बिचारा अजून भरतो. पॉवर वाढते, खरंच वाढते, पहिल्या दिवशी होटगी रोडला मी एकटाच हसत होतो गाडीत. पण ईसीयूच्या हिशोबात अजूनही १७५ च चाललेत. आणि तो गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला तेच कळवतो की बाबा, १७५ येतायत. गिअरबॉक्स त्या आकड्यावर ठरवतो की आतल्या क्लच प्लेट किती दाबानं धरायच्या. आकडा १७५ चा, दाब १७५ चा, आणि प्रत्यक्षात येतायत दोनशेच्या पुढं. मग प्लेट घसरणार नाही तर काय होणार?

तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना काटा उगाचच चारपाचशेनं वर उडायला लागला आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का. अप्पांनी लगेच ओळखलं. चाळीस वर्षं लूमचा आवाज ऐकलेला माणूस, एक धागा तुटला तरी ऑफिसात बसून कळतं त्यांना. म्हणाले, "गाडी अडखळालीय. काय केलास बे?" मी म्हटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल.

अशोक चौकाच्या पुढं आमचे मेकॅनिक चाचा आहेत, त्यांच्याकडं नेली. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाहीच, लेव्हल बघायला पण गाडी ठराविक तापमानाला आणून खालचा बोल्ट खोलायला लागतो. चाचांनी खालून थोडं तेल काढलं, दोन बोटांत घेतलं, चोळलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. नवीन तेल लालसर असतं, हे कोऱ्या चहासारखं, आणि वास करपलेल्या शेंगदाण्याचा. सोलापूरच्या माणसाला करपलेला शेंगदाणा सांगायला नको. "मालक," चाचा म्हणाले, "इंजिनला खोटं बोललात तर चालतंय, ते दणकट असतंय. पण इंजिन गिअरबॉक्सला खोटं बोललं की गिअरबॉक्स मरतंय." कॅन बस, टॉर्क मॉडेल, लाइन प्रेशर असलं काही चाचांना पुस्तकातून माहिती नाही, पण माझ्या दीड महिन्याच्या वाचनाचं सार त्यांनी बोटं पुसत सांगितलं. तेल बदललं, डबा काढला. तो डबा अजून कपाटात आहे, विकावा म्हटलं तर कुणाला विकू, पाप लागायचं.

तेलाचं निघालंय तर टॉर्क कन्व्हर्टरचंही सांगून टाकतो. मॅन्युअलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच, इथं तेल. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक चालू करा, दुसरा वाऱ्यानं फिरतो, तसंच. वर मध्ये स्टेटर नावाचं एक चक्र असतं, त्यामुळं गाडी जागेवरून सुटताना टॉर्क वाढून मिळतो, जवळपास दुपटीपर्यंत, ऑटोमॅटिकला ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या रेसमध्ये, मिळालेलं फुकटचं दान आहे ते. पण चाकं धरून ठेवून इंजिन वाढवलं तर दुसरा पंखा हलतच नाही आणि इंजिनची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. हिशोब करून बघा. २००० आरपीएमला १५० न्यूटन मीटर म्हणजे साधारण ३१ किलोवॉट. आपल्या बाथरूममधला गीझर दोन किलोवॉटचा. म्हणजे पाचसहा लिटर तेलात पंधरा गीझर एकदम चालू केले. सेकंदाला तीनेक अंश तर सगळं तेल मिळून चढतं, कन्व्हर्टरच्या आत तर त्याहून जास्त. जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशी चाकं धरून इंजिन वाढवायची स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर करू नका असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. आणि मी त्या डब्याच्या जोरावर तेच परत परत करत होतो, मे महिन्यात, सोलापुरात!

मग शहाणा होऊन पुण्याला गेलो. अडीचशे किलोमीटर, डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजायचं मशीन, आणि स्वतः बसून ईसीयूच्या सेटिंगची फाईल लिहिणारा माणूस. पहिला अर्धा तास त्यानं गाडीला हातच लावला नाही, नुसता लॅपटॉप जोडून विचारत बसला की गाडी कोण चालवतं, कुठं चालवतात, पेट्रोल कुठलं. मी म्हटलं मला बर्नआउट पाहिजे, ड्रॅग पाहिजे, ब्रेक ओव्हरराइड काढून टाक. तो म्हणाला, "वडील चालवतात ना ही गाडी? मग नाही काढणार." मी जरा घासाघीस केली तर म्हणाला, फाईलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, पण मी नाही करणार, दुसऱ्याकडं जा. मला तेव्हा राग आला होता. आता नाही.

बाकी त्यानं जे केलं ते डब्याच्या बरोबर उलटं. बूस्ट वाढवला, पण तेवढाच टॉर्क ईसीयूच्या हिशोबातही वाढवला, म्हणजे गिअरबॉक्सला खरा आकडा जातो आणि तो प्लेट तेवढ्या दाबानं धरतो. वरची मर्यादा गिअरबॉक्सला झेपेल एवढीच ठेवली. गिअर पडताना ईसीयू क्षणभर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं घेऊन टॉर्क कमी करतो, काही लोक तेही काढून टाकतात, म्हणजे मस्त झटका बसतो आणि पोरांना वाटतं गाडी रेसिंगची झाली. यानं ते जसंच्या तसं ठेवलं. आणि माझा एक मोठा गैरसमज काढला. मला वाटायचं गिअर रेडलाइनला, म्हणजे काटा लाल पट्टीला टेकल्यावर, टाकायचा. छोटा टर्बो वर गेल्यावर दमतो, आमच्या ग्राफमध्ये ५५०० च्या पुढं पॉवर सरळ खाली येते, तिथं इंजिन नुसतं ओरडतं. म्हणून वरचा गिअर ५६०० लाच पडेल असं केलं. आवाज कमी झाला, गाडी पळायला लागली.

डायनोवर १३४ पीएस आणि २१५ न्यूटन मीटर आले. जानेवारीत. पुण्यात.

हे जानेवारी-पुणे महत्त्वाचं आहे, कारण एप्रिलमध्ये सोलापुरात मी तीच फाईल चालवून लॉग, म्हणजे ईसीयूच्या आकड्यांची नोंद, काढला. बाहेर ४२, विजापूर रोडला सिग्नलला दहा मिनिटं अडकलेलो, आत येणारी हवा ६३ अंश. पेडल दाबलं तर नॉकच्या, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याच्या, भीतीनं ईसीयूनं टायमिंग सहा अंश मागं घेतलं. म्हणजे पुण्यात विकत आणलेले घोडे टेंभुर्णीच्या अलीकडंच उतरून गेले. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर म्हणजे भाकरीच्या तव्यावर हात ठेवावा तसा. लॉग पाठवला, पुण्याच्या त्या ट्यूनरनं उन्हाळ्यासाठी बूस्ट थोडा कमी केलेली दुसरी फाईल पाठवली, आणि आश्चर्य म्हणजे कागदावर कमी असलेली ती फाईल आमच्या उन्हात जास्त पळते. ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलऐवजी ९५ टाकलं तर ईसीयू टायमिंग कमी मागं घेतो, हे लॉगमध्ये दिसतं, भ्रम नाही. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, असतं त्यावरून लोक भांडतात, अ‍ॅव्हरेज पडतं ते खरंच आहे, पण इथेनॉलला नॉक लवकर होत नाही, ड्रॅगवाले तर मुद्दाम ई८५ टाकतात. फक्त हवेचं प्रमाण बदलतं, साध्या पेट्रोलला वजनानं १४.७ ला एक, ई२० ला साडेतेराच्या आसपास, त्यामुळं फाईल लिहिणाऱ्याला टाकीत काय आहे ते सांगायचं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, म्हणजे आपल्याच उसावर गाडी पळतीय असं म्हणून मी आमच्या शेतकरी मामांना खूश करून टाकलं.

रस्त्यावर रेस लावायचं मात्र बंद. उपदेश म्हणून नाही सांगत, सरळ हिशोब. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळेला ५,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. त्यात गाडी एमएच १३, घरच्या धंद्याच्या नावावर, आणि चौकात प्रत्येक दुसरा माणूस अप्पांना ओळखणारा. पोलिसांच्या आधी घरी बातमी पोचते.

म्हणून धावपट्टीवरच्या एका इव्हेंटला गेलो. हेल्मेट, तपासणी, फॉर्म, सगळं रीतसर. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. हा सगळा खेळ अमेरिकेतून आलेला, तिकडची ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरए १९५१ पासूनची, आणि तिकडच्या सगळ्यात वेगवान गाड्या २००८ पासून पाव मैल पळतच नाहीत, एका अपघातात ड्रायव्हर गेल्यावर त्यांचं अंतर १००० फूट केलं. आपण १७ सेकंदवाले, आपल्याला पाव मैल चालतो.

तिथं एका अनुभवी माणसाला विचारलं की आधी बर्नआउट करू का, टायर तापवायला. तो माझ्या टायरकडं बघून हसला. म्हणाला, बर्नआउट बिननक्षीच्या स्लिक टायरला असतो, तापला की चिकटतो. आपला साधा रेडियल जास्त तापवला तर तेलकट होतो, अजून घसरतो. खडे झटकायला एकदा चाक फिरव आणि गप लाइनला लाग, हवा दोनचार पॉइंट कमी कर. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी दीड वर्ष, नऊ हजार आणि एक गिअरबॉक्सचं तेल घालवलं ती माझ्या गाडीला लागतच नव्हती.

पहिला रन १७.४. हँडब्रेकवर जास्त वेळ धरून ठेवली, सुटताना चाकं फिरली. दुसऱ्याला फक्त १८०० पर्यंत नेऊन दोन सेकंदांत सोडली, पहिल्या ६० फुटांत पेडल अर्धंच, मग पूर्ण. १६.८. पहिल्या ६० फुटांत एक दशांश वाचला की शेवटी दीडदोन दशांश वाचतात म्हणतात ते खोटं नाही, पॉवर तीच होती, फक्त पाय बदलला. तिसऱ्या रनला शेजारी एक डिझेल सेडान. माझा टाइम १६.९, त्याचा १७.१, आणि जिंकला तो! मी भांडायलाच निघालो होतो. मग कळलं की घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, गाडी जागेवरची लेझर लाइन सोडते तेव्हा सुरू होतं. जिंकणं मात्र पलीकडं आधी कोण पोचलं यावर. दिवा लागल्यावर मी अर्धा सेकंद बघतच बसलो होतो, तो तोवर निघून गेला होता. ईसीयूची फाईल आहे, माणसाची फाईल कोण लिहिणार?

तरीपण तो राहिलेला बर्नआउट डोक्यातून जाईना. मागच्या महिन्यात परत रविवार, परत आवार. आधी शहाणपणा करून एबीएसचा फ्यूज काढला, म्हटलं ट्रॅक्शनची कटकटच नको. तर चाकांचा वेगच कळेना म्हणून गिअरबॉक्स घाबरून तिसऱ्यात अडकला, डॅशबोर्डवर दिवाळी. फ्यूज परत लावला, गाडी बंद चालू केली, कोड क्लिअर केले. मग साधं केलं. ट्रॅक्शनचं बटण ऑफ, वॉचमन काकांकडून बादलीभर पाणी टाकून घेतलं, हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला आणि दाबलं.

फिरलं! तीन सेकंद. धूर कमी, वाफ जास्त, पण आवाज असला भारी की शेजारच्या शेडमधलं कुत्रं पळालं. भाच्यानं शूट केलं. खाली उतरून बघितलं तर काँक्रीटवर कोरड्या भागात एक काळीभोर रेघ, हातभर लांब. एकच. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर, उघडा असला की ज्या चाकाला पकड कमी तेच फिरतं, दुसरं ढिम्म. आणि गिअरबॉक्सच्या हिशोबानं वेग पन्नास असला तर थांबलेल्या चाकाच्या वाटणीचंही ते एकटं फिरतं, म्हणजे शंभरनं. आतले छोटे गिअर त्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून मी तिथंच थांबलो.

सोमवारी अप्पा मागच्या आवारात गेले. मी काकांना शिकवून ठेवलं होतं, टेम्पोनं ब्रेक मारला म्हणून सांगा. अप्पांनी काठीचं टोक त्या रेघेवर फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"टेम्पोला चाकं किती असतात?"

मग मी ओपन डिफरन्शियल समजावून सांगितला. कागदावर काढून. वीस मिनिटं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न पण विचारले, बरोबर प्रश्न, आणि कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "टायर कितीला येतोय एक?"

"साडेपाच हजार."

"पगारातनं कापतो."